टाचणातली मुले चुकत नाहीत

बी.एड.च्या काही छात्राध्यापकांच्या टाचणवह्या अलीकडे आमच्या वाचनात आल्या. इयत्ता सातवी, घटक बैजिक राशी, उपघटक सजातीय पदांची बेरीज. अक्षर सुरेख, समास आखलेले, उद्दिष्टांपुढे स्पष्टीकरणे जागच्या जागी. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय. काही सुटलेले नाही. यामागची मेहनत आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण 'विद्यार्थी-कृती' हा रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचला आणि चमकलो. 'विद्यार्थी निरीक्षण करतात.' 'विद्यार्थी विचार करून सांगतात.' 'उत्तर : ५ आ.' एवढ्या वह्यांत एकही मूल एकदाही चुकलेले नाही!

हा 'आ' म्हणजे आंबा. बहुतेक टाचणांत फळे आहेत, आणि तक्तेही फळांचेच. तीन आंबे आणि दोन आंबे मिळून पाच आंबे, म्हणून ३आ + २आ = ५आ. आंबे आणि केळी एकत्र मोजता येत नाहीत, म्हणून ३आ + २के तसेच ठेवायचे. पस्तीस मिनिटांत सगळ्यांना जमते आणि निरीक्षक 'उदाहरणे समर्पक' असा शेरा देऊन पुढच्या वर्गावर जातात. फळे इतकी वर्षे टिकली आहेत ती याच गुणामुळे. त्या दिवशीचे उत्तर बरोबर येते.

अडचण पुढच्या आठवड्यात उभी राहते. आ × के म्हणजे काय? आंब्याला केळ्याने गुणायचे? आ² हा चौरस आंबा की काय? आणि एक आंबा 'आ' रुपयांना, एक केळे 'के' रुपयांना असे म्हटले, तर ३आ + २के म्हणजे खरेदीची एकूण किंमत. तक्ता पाहिलेल्या मुलाला मात्र तिथे तीन आंबे आणि दोन केळीच दिसतात. अक्षर हे वस्तूचे नाव नसून संख्येचे आहे, ही बीजगणिताची पहिली पायरी. फळांचा तक्ता नेमकी तीच काढून टाकतो.

हा आमचा तर्क नव्हे. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात शाळकरी मुलांच्या गणिती समजुतींची मोठी पाहणी झाली. तिच्यातला बीजगणिताचा भाग डीटमार क्यूखमन यांनी पाहिला. त्यात केकची आणि पावाची किंमत अक्षरांनी दिली होती आणि राशीचा अर्थ विचारला होता. पुष्कळ मुलांनी किंमत न सांगता 'चार केक आणि तीन पाव' असेच सांगितले. अमेरिकेत १९८१ साली क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य समीकरणात लिहायला दिले : 'या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.' विद्यार्थ्यांची संख्या व, प्राध्यापकांची प. ३७ टक्के चुकले, आणि चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी व = ६प ऐवजी ६व = प लिहिले, जणू 'सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक' असे चित्रच काढले. सातवीतला आंबा इतक्या दूरवर पोचतो.

आपल्या परंपरेत खरे तर चांगला आधार आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हटले आहे, म्हणजे 'जेवढे तेवढे'. पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. लिहिताना या, का, नी एवढीच आद्याक्षरे. पण 'का' ही काळी वस्तू नव्हे. ते न कळलेल्या संख्येचे नाव.

मग दोष छात्राध्यापकांचा का? आमच्या मते नाही. त्यांना सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारण्याचे कौशल्य वेगळे शिकवतात, फलकलेखनाचे वेगळे, आणि गणित येतच असेल असे धरून चालतात. आशययुक्त अध्यापन ही कल्पना हीच फट बुजवण्यासाठी होती. वह्यांत ती संकल्पनांची यादी होऊन बसली आहे. ली शुलमन यांनी १९८६ साली शिक्षकाच्या ज्या खास ज्ञानाकडे लक्ष वेधले, त्यात विषय मुलांना का सोपा वाटतो, का अवघड जातो आणि त्यांच्या पूर्वसमजुती काय असतात, हेही येते. त्या ज्ञानाला टाचणात रकानाच नाही. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, पण आम्ही पाहिलेल्या टाचणांत या वाढीव वेळेची खूण कुठे दिसली नाही.

जपानमधल्या पाठ-अभ्यासाच्या प्रथेत टाचणात मुलांच्या अपेक्षित प्रतिसादांना जागा असते, चुकीच्या प्रतिसादांनाही, आणि प्रत्येकावर शिक्षक काय करणार हेही तिथे लिहितात. हाच उपघटक तसा लिहून पाहू. काड्यापेटीतल्या काड्यांचे चौरस एका रांगेत, एकमेकांना चिकटून मांडायचे. एका चौरसाला ४ काड्या, दोनाला ७, तिनाला १०. 'न' चौरसांना किती? एक मूल वरच्या आणि खालच्या काड्या २न मोजते, उभ्या न + १. दुसरे पहिली उभी काडी बाजूला ठेवून प्रत्येक चौरसाला तीन धरते : ३न + १. काड्या त्याच आहेत, तेव्हा २न + न + १ आणि ३न + १ सारखेच असले पाहिजेत. सजातीय पदे का मिळवायची याचे कारण इथे मुलांच्या हातात आहे, आणि न = १० घेऊन, ३१ काड्या मोजून, ते तपासताही येते. इथला 'न' चौरसांची संख्या आहे, चौरस नव्हे.

आता तो नवा रकाना. बरीच मुले ४न म्हणतील, कारण चौरसाला चार बाजू. त्यापुढे छात्राध्यापकाने लिहावे : 'चूक आहे असे सांगणार नाही. दोन चौरस मांडून मोजायला लावीन. ४न प्रमाणे ८ यायला हवेत, हातात ७ आहेत; आठवी काडी कुठे गेली ते मुलांना विचारीन.' पाठ झाल्यावर समोरच्या पानावर कोण काय म्हणाले ते लिहावे, तोच पाठ सुधारून शेजारच्या तुकडीवर पुन्हा घ्यावा, आणि गुण या दुसऱ्या टाचणाला द्यावेत. एका उपघटकावर दोन पाठ खर्ची पडतील, आणि ठरलेल्या पाठसंख्येत ते बसवायचे तर एखादा फळांचा तक्ता वगळावा लागेल.