शाळेत न गेलेल्या बायका : दोन राज्यं, दोन रेषा आणि एक छेद

आमच्या विषयाच्या परिसंवादात एक आलेख हमखास दिसतो. आडव्या अक्षावर साल, पार २१०० पर्यंत. उभ्या अक्षावर १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी कधीच शाळेत न गेलेल्यांची टक्केवारी. केरळची रेषा तळाशी सरपटत असते, बिहारची वरून उतरत येते. पुढे कुठेतरी दोन्ही जवळपास भेटतात आणि सादर करणारा म्हणतो, "बघा, दरी मिटतेय." दोन वर्षांपूर्वी मीही अगदी असाच आलेख काढला होता. तेव्हा आजची टीका स्वतःपासूनच सुरू होते असं समजा.

आधी आज काय आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा वर्षांवरच्या मुली-स्त्रियांपैकी कधी ना कधी शाळेत गेलेल्या बिहारमध्ये सुमारे ६१ टक्के निघाल्या, केरळात ९५ च्या वर. इथून पुढचा अंदाज बांधतात तो पिढ्या मोजून. आज तिशीत असलेली, शाळा न पाहिलेली बाई ३० वर्षांनी साठीत असेल आणि तेव्हाही 'शाळा नाही' याच रकान्यात असेल. त्या रकान्यातून बाहेर पडायची वाट म्हणजे मृत्यू, नाहीतर स्थलांतर. ठरावीक वयानंतर शिक्षण बदलत नाही, असं ही मॉडेलं धरून चालतात. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी ९६ व्या वर्षी साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले. मॉडेलच्या लेखी त्या तिथल्या तिथेच! (आपल्याकडे मुरबाडजवळच्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा भरते, त्या आज्यांचंही तेच.) ही उदाहरणं संख्येनं थोडी, म्हणून हे गृहीतक मला चालतं. माझं भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे.

दोन गावं डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे १०० बायका, त्यातल्या ३० शाळेत न गेलेल्या. वीस वर्षं गेली. हिशोब सोपा राहावा म्हणून कुणी मेलं नाही असं धरू. पहिल्या गावात शिकलेल्या १०० तरुण मुलींची भर पडली, दुसऱ्या गावात मुली कमी जन्मल्या म्हणून फक्त २० ची. आता पहिल्या गावाची टक्केवारी १५ आणि दुसऱ्याची २५. पहिल्या गावानं काय मोठी कामगिरी केली? काहीच नाही. त्या ३० जणी दोन्हीकडे जशाच्या तशा आहेत. बदलला तो छेद.

बिहार हे बरंचसं पहिलं गाव आहे. त्याच सर्वेक्षणात तिथला जननदर ३ च्या आसपास होता, केरळचा १.८. शाळेत जाणाऱ्या मुलींची मोठी भर बिहारच्या छेदात पडत राहते आणि टक्केवारी झपाट्यानं घसरते. केरळात उलटं होतं. शाळेत न गेलेल्या बहुतेक म्हाताऱ्या, त्यामुळे त्यांची संख्या लवकर घटते. पण खालून येणारी भर तुटपुंजी, म्हणून टक्केवारी ती घट कमी करून दाखवते. म्हणजे शेजारी ठेवलेल्या या दोन रेषा मुळात एकच गोष्ट मोजत नाहीत. मला हे कळायला दोन वर्षं लागली, कारण आलेख दिसायला सुंदर होता.

गंमत म्हणजे या दिशेचा इशारा आधीच मिळाला होता. समीर के. सी., वोल्फगांग लुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की भारताची लोकसंख्या राज्यवार मोजली तर अंदाज वर सरकतो, कारण जास्त जननदराच्या राज्यांचं वजन वाढत जातं. आणि शिक्षणानुसार मोजली तर तो खाली येतो. काम फार चांगलं आहे. पण त्यातून आम्ही विद्यार्थ्यांनी उचललं काय, तर राज्यवार रंगीत रेषा. वजनाचा मुद्दा राहिला बाजूला.

आणखी एक. बिहारच्या उताराचं श्रेय भाषणांत बऱ्याचदा २००६ च्या सायकल योजनेला दिलं जातं. योजनेचा परिणाम खराच आहे, कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तो मोजलाय. पण सायकल मिळायची नववीतल्या मुलीला. नववीत पोचलेली मुलगी 'कधीच शाळेत नाही' या रकान्यात नव्हतीच. तिच्यामुळे हलते ती माध्यमिक शिक्षणाची रेषा.

हे सगळं इतकं लावून का धरायचं? कारण 'दरी मिटतेय' ऐकल्यावर प्रौढ शिक्षणाला पैसे कशाला, असा प्रश्न लगेच येतो. २०११ च्या जनगणनेत बिहारची स्त्री-साक्षरता ५१.५ टक्के होती. त्या वेळी पंचविशीत असलेली, शाळा न पाहिलेली बाई २०५० मध्ये ६४ वर्षांची असेल. औषधाच्या पाकिटावरचं वाचायला, पेन्शनचा फॉर्म भरायला तिला दुसरं कुणी लागेल. टक्केवारीच्या रेषेत ती पुसट होत जाते. वयानुसार थेट संख्या मांडली, की मात्र एक उंचवटा दर दहा वर्षांनी म्हातारपणाकडे सरकताना स्पष्ट दिसतो. केरळचा उंचवटा आधीच टोकाला पोचलाय, बिहारचा अजून मधोमध आहे.

जुना आलेख मी प्रबंधातून काढलेला नाही. त्याच्या शेजारी वयानुसार संख्येचे दोन नवे टाकलेत, दोन्ही राज्यांचे. गाईड म्हणाल्या, पानं वाढतायत. वाढू देत.