‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ : नायक आणि समूह

त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांचा हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. सान डोमिंगो या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी १७९१ मध्ये आरंभिलेल्या आणि १८०४ मध्ये हैतीच्या स्वातंत्र्यात परिणत झालेल्या क्रांतीचा हा इतिहास होय. १७९४ चा गुलामीबंदीचा ठराव ही केवळ पॅरिसची देणगी नव्हती, बंडखोर गुलामांनी तो घडवून आणला, हे त्याचे प्रतिपादन आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

तूसाँ लूव्हेर्तूर याचे दोष जेम्स झाकीत नाहीत. मुक्त मजुरांना पुन्हा मळ्यांशी जखडणारा, त्यांची बाजू घेणाऱ्या मोईझ या मानलेल्या पुतण्यास १८०१ मध्ये देहदंड देणारा तूसाँ येथे स्पष्ट दिसतो. आपल्याच लोकांना त्याने विश्वासात घेतले नाही, असा जेम्स यांचा निवाडा आहे. १९६३ च्या आवृत्तीत त्यांनी या अपयशाला शोकांतिकेचे रूप दिले. येथे आमचा मतभेद आहे. शोकांतिका नायकाची असते; मळ्यावर परतलेल्या मजुराचे दुःख तीत पार्श्वभूमी होऊन राहते. तूसाँ १८०३ मध्ये फ्रेंच कैदेत मरण पावला, तरी लढा थांबला नाही, ही साक्ष ग्रंथातच आहे. तिचा पुरता अर्थ रचनेत उतरलेला नाही. तथापि गुलामास दयेचा विषय न मानता इतिहासाचा कर्ता मानणारे असे लेखन विरळाच.