स्लीव्हला हॉर्सपॉवर कळत नाही

जुन्या होंडा सिटीला कमी खर्चात टर्बो लावायचा म्हटलं की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "स्टॉक स्लीव्ह दोनशे हॉर्सपॉवरपर्यंत टिकते, पुढे तुमचं नशीब." माझी तक्रार दोनशे या आकड्याबद्दल नाही, हॉर्सपॉवर या मापाबद्दल आहे.

आधी स्लीव्ह समजून घेऊ. 2000 च्या सुमाराची 1.5 व्हीटेक सिटी घ्या. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पण पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी ओतीव लोखंडाची, आतला व्यास 75 मिमी. ब्लॉक 'ओपन डेक' आहे, म्हणजे वरच्या टोकाला सिलिंडर आणि ब्लॉकची बाहेरची भिंत यांच्यामध्ये कूलंटची मोकळी जागा. जळणाचा सगळ्यात मोठा दाब नेमका तिथेच, जिथे नळीला बाहेरून आधार सगळ्यात कमी.

आता हिशोब. भिंतीतला ताण = दाब × त्रिज्या ÷ जाडी. दाब 100 बार, म्हणजे 10 मेगापास्कल, आणि जाडी 3 मिमी धरली तर ताण येतो 125 मेगापास्कल. साधं ओतीव लोखंड तुटतं 200 ते 250 ला. मग भीती कसली? भीती अशी, की 6000 आरपीएमला हा ताण मिनिटाला 3000 वेळा येतो, आणि वारंवार ताण आला तर हे लोखंड त्याच्या ताकदीच्या साधारण 40 टक्क्यांवरच थकायला लागतं. बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच थोडा भार उचलतं, म्हणून गाडी चालते. त्यात झिजलेला ब्लॉक अर्धा मिमी बोअर केला की ताण 137 वर जातो. पैसे वाचवले, पण भिंतीतून.

मग हॉर्सपॉवर कुठे चुकतं? 150 किलोवॉट, म्हणजे साधारण 200 हॉर्सपॉवर, 6500 आरपीएमला काढली तर टॉर्क लागतो 220 न्यूटन-मीटर. तेवढीच पॉवर 4000 ला काढली तर 358. आकडा तोच, पण दुसऱ्या इंजिनात प्रत्येक स्फोटाचा दाब कितीतरी जास्त. लहान टर्बो लवकर बूस्ट देतो म्हणून स्वस्तातल्या बिल्डमध्ये तोच आवडता, आणि स्लीव्हचा खरा वैरीही तोच.

माझं सूत्रही निर्दोष नाही. त्यात नॉकिंग नाही. कल्याण-शिळ रोडवर मे महिन्यात अर्धा तास अडकलात, इंटरकूलर तापला, आणि पुढे रस्ता मोकळा दिसताच पाय दाबलात, तर मिश्रण वेळेआधी आपोआप पेटतं. दाबाचे टोकदार झटके बसतात. डायनोवर पंख्यासमोर उभ्या गाडीने दिलेला 'सेफ' आकडा इथे कामाचा नाही. डेकच्या फटीत बसवायचं ब्लॉकगार्डही अर्धाच उपाय: नळीला आधार मिळतो, पण सगळ्यात गरम जागी कूलंटची वाट अडते.

म्हणून ट्यूनरला "किती हॉर्सपॉवर?" विचारू नका. विचारा: 3500 आरपीएमला टॉर्क किती, नॉक कशाने ऐकणार, आणि भिंत किती मिमी उरली आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजूनच मिळतं. ब्लॉक उघडलेला असतानाच मोजून घ्या. नंतर तडा गेला तर टर्बोवर वाचवलेले पैसे नव्या ब्लॉकमध्ये जातील.