'कमवा आणि शिका' : एका अव्ययाचा विचार

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत वर्गाबाहेरील साहाय्याची चर्चा निघाली की 'प्लेसमेंट' हा शब्द प्रथम पुढे येतो. 'तिची प्लेसमेंट झाली' असे आपण म्हणतो. या वाक्यात प्लेसमेंट कर्तृपदी बसते. विद्यार्थिनी षष्ठीत उरते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९४७ साली साताऱ्यास निघालेले त्यांचे शिवाजी महाविद्यालय 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभे राहिले. या नावात दोन आज्ञार्थी क्रियापदे असून दोहोंचा कर्ता विद्यार्थीच आहे. 'कमवून शिका' म्हटले असते, तर श्रम हे शिक्षणाचे केवळ साधन ठरले असते. 'आणि'मुळे दोहोंस समान प्रतिष्ठा लाभली.

येथे एक आक्षेप संभवतो. श्रमाचा अभ्यासाशी संबंध नसेल, तर थकलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे 'आणि' नाममात्र राहते. आक्षेप रास्त आहे. परंतु कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावी त्याचे निरसन होऊ शकते. कारखान्याच्या भांडारात साठ्याची नोंद ठेवण्याचे सवेतन काम मिळाल्यास व्यवस्थापनाचा विद्यार्थी हिशेब आणि कामगारांची बोली एकत्रच शिकेल. मराठी माध्यमातून आलेल्यास मुलाखतीचे इंग्रजी अवश्य शिकवावे. मात्र कारखान्यात त्याची मराठी हेही भांडवलच आहे, हे त्यास पटवून देणे हेही साहाय्यच होय.

विद्यालयांच्या वार्षिक अहवालांत प्लेसमेंटच्या आकड्यांशेजारी विद्यार्थ्यांनी काय कमविले आणि ते काय शिकले, याचीही नोंद असावी.