वाचू लागलेल्या मुलांची मराठी कथापुस्तके : सोपेपणाच्या निकषाची चिकित्सा

सारांश
इयत्ता पहिली-दुसरीच्या वयात नुकतेच वाचू लागलेल्या मुलांसाठी तयार होणाऱ्या मराठी कथापुस्तकांत ‘सोपेपणा’ हा प्रमुख निकष मानला जातो. जोडाक्षरे टाळणे, शब्द व वाक्ये आखूड ठेवणे आणि शेवटी स्पष्ट बोध देणे असे त्याचे व्यवहारातील रूप आहे. मराठीची लिपी आणि व्याकरण लक्षात घेता हा निकष अपुरा असून कित्येकदा तो कथेच्याच मुळावर येतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी या गावातील बालवाचक नजरेसमोर ठेवला आहे.

बीजशब्द : बालसाहित्य, वाचनारंभ, जोडाक्षर, सामान्यरूप, बोधकथा, राळेगणसिद्धी.

१. प्रस्तावना
५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्ता तिसरी अखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे ठरविले. त्यापूर्वी २००५ पासून ‘असर’च्या अहवालांनी वाचनाच्या प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष वेधले होते. ‘असर’च्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्या आहेत. मोजमापाचे साधन म्हणून ही मांडणी उपयुक्त आहे. परंतु वर्गात आणि प्रकाशनव्यवहारात तिचा एक अप्रत्यक्ष परिणाम संभवतो. गोष्ट ही वाचता येऊ लागल्यानंतर मिळणारी शेवटची पायरी ठरते; वाचावेसे वाटण्याचे कारण म्हणून ती सुरुवातीस मुलासमोर येत नाही. या पार्श्वभूमीवर, सुरुवातीच्या वाचनासाठी जी पुस्तके ‘सोपी’ म्हणून तयार होतात, ती खरोखर कथा असतात काय, हा प्रश्न समीक्षेने विचारणे आवश्यक ठरते. मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत कविता, विज्ञानकथा व कुमारकादंबरी यांना जे स्थान मिळाले, ते या अगदी लहान पुस्तकांना क्वचितच मिळाले आहे.

राळेगणसिद्धीचा संदर्भ येथे हेतुतः घेतला आहे. पारनेर तालुक्यातील पर्जन्यछायेच्या प्रदेशातील हे गाव १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने श्रमदान, नालाबंडिंग, पाझर तलाव, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांमुळे बदलले. १९९२ मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली, तेव्हा तिच्यापुढे याच गावाचा नमुना होता. तेव्हापासून राळेगणसिद्धी म्हणजे भाषणांत, निबंधांत आणि पाठांत सांगितली जाणारी एक बोधकथाच झाली आहे. अशा गावात वाढणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नातून सोपेपणाच्या निकषाची मर्यादा विशेष स्पष्ट होते.

२. बोधाची परंपरा
मराठीतील मुद्रित बालसाहित्याचा आरंभ प्रामुख्याने भाषांतरातून आणि बोधातून झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ व ‘बाळमित्र’ ही पुस्तके १८२८ च्या सुमाराची. इसापच्या कथेची घडण लहान मुलांस अनुकूल आहे, हे नाकारता येत नाही. पात्रे मोजकी, घटना एकच आणि शेवट ठाम असतो. मात्र या घडणीसोबत तात्पर्याची सवयही मराठीत रुजली. पुढे अंकलिपीपासून शासकीय पाठ्यपुस्तकांपर्यंत आणि स्वस्त रंगीत पुस्तिकांपर्यंत ती टिकून राहिली. एकीचे बळ, खोटे बोलण्याचे फळ, कष्टाचे महत्त्व आणि आता ‘झाडे लावा’, ‘पाणी वाचवा’ असे तिचे विषय बदलत गेले. आकृतिबंध तोच राहिला.

बोध असणे हा दोष नव्हे. वाचू लागलेल्या मुलाच्या दृष्टीने अडचण वेगळी आहे. ज्या कथेचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, ती वाचावी लागत नाही. अंदाजाने सांगता येते. दोन पाने वाचली की आळशी प्राण्याची फजिती होणार, हे मूल ओळखते. मग मजकुरातील अक्षरांकडे बारकाईने पाहण्याचे कारण उरत नाही. मूल वाचत आहे असे शिक्षकास वाटते. वस्तुतः ते चित्र आणि सवय यांच्या आधारे वाक्य पूर्ण करीत असते. वाचल्यावाचून कळणार नाही असे काहीतरी पुस्तकात असणे, ही या वयोगटातील कथेची पहिली अट मानावी लागेल.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह केलेल्या कामाचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. मुलाच्या परिसरातील वस्तू, काम व बोली यांनाच शिक्षणाचे साहित्य मानण्याची दृष्टी त्या कामाने मराठी शिक्षणविचारास दिली. दुर्दैवाने ही दृष्टी बालवाडीच्या साधनांपुरती मर्यादित राहिली. आरंभीच्या वाचनाच्या छापील पुस्तकांत ती अभावानेच उतरली.

३. ‘बिनजोडाक्षरी’ मजकूर आणि मराठीचे व्याकरण
सोपेपणाचा दुसरा अर्थ लिपीशी संबंधित आहे. मराठीत तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी मिळून चारशेच्या आसपास अक्षररूपे होतात. परंपरेने आधी मुळाक्षरे, मग काना-मात्रा आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे असा क्रम ठरला. त्यास अनुसरून सुरुवातीच्या पुस्तकांत प्रथम बिनमात्रांचे आणि नंतर बिनजोडाक्षरी शब्द वापरले जातात.

या क्रमामागील दोन गृहीतके तपासून पाहण्याजोगी आहेत. पहिले गृहीतक असे की, बिनमात्रांचा शब्द सोपा असतो. ‘करवत’ हा शब्द पाहता त्यात एकही मात्रा नाही. तथापि क, र, व, त ही अक्षरे ‘अ’सह सुटी उच्चारून मुलास तो शब्द सापडत नाही. ‘र’ आणि ‘त’ यांतील ‘अ’ उच्चारात लोपतो, हे ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्यालाच कळते. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’चा भेदही लिपीत दिसत नाही. म्हणजेच लेखनात साधा दिसणारा शब्द वाचनात साधा असतोच असे नाही. शब्द ओळखीचा असणे आणि तो अर्थपूर्ण वाक्यात येणे, यांवर त्याची सुलभता बव्हंशी अवलंबून असते.

दुसरे गृहीतक अधिक गंभीर आहे. जोडाक्षरे टाळून मराठीत गोष्ट सांगता येते, असे ते गृहीतक होय. मराठीत नामाचे सामान्यरूप होते आणि विभक्तिप्रत्यय त्यास जोडून लिहिला जातो. त्यामुळे ‘पाणी’ हा सोपा शब्द वाक्यात येताच ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्याचा’ होतो. ‘तळे’ ‘तळ्यात’ होते. ‘त्याला’, ‘तिच्या’, ‘माझ्या’ ही सर्वनामांची रूपे, ‘म्हणाला’ हे संवादाचे क्रियापद, ‘नव्हते’ हे भूतकाळातील नकाररूप, इतकेच काय ‘गोष्ट’ हा शब्दही जोडाक्षराशिवाय लिहिता येत नाही. या सर्वांवर बंदी घातली की लेखकापाशी कोणाचे काही असणे, कोणी काही म्हणणे आणि एखादी गोष्ट पूर्वी नसणे यांपैकी काहीच सांगण्याची सोय राहत नाही. उरतात ती सुटी विधाने. ‘तळे आटले’ असे लिहिता येते. ‘तळ्यात पाणी नव्हते’ असे लिहिता येत नाही. अशा पुस्तकांतील वाक्ये एकमेकांस जोडलेली वाटत नाहीत याचे कारण लेखकाची प्रतिभा कमी पडणे हेच नेहमी नसते. पुष्कळदा वाक्ये जोडणारी व्याकरणिक साधनेच त्याच्याकडून काढून घेतलेली असतात.

सर्व जोडाक्षरे एकाच मापाने मोजणे हीच येथील मूळ चूक आहे. ‘त्या’, ‘च्या’, ‘ण्या’, ‘ळ्या’, ‘झ्या’ यांत एकच आकृतिबंध आहे आणि तो मुलाच्या तोंडच्या भाषेत सतत येतो. याउलट ‘र’ची रफार व इतर रूपे, किंवा ‘ज्ञ’, ‘क्ष’ यांसारखी अक्षरे काही काळ थांबू शकतात. निवडक अक्षरे व मात्रा एकत्र शिकवून लवकर अर्थपूर्ण शब्दांकडे जाण्याचा मार्ग फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी अवलंबिला गेला आहे. कथालेखकांनी व प्रकाशकांनी या अनुभवाचा उपयोग करून घेणे गरजेचे आहे.

या संदर्भात इंग्रजीतील एक उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेतील नीरस वाचनपुस्तकांवर १९५४ मध्ये जॉन हर्सी यांनी टीका केली. त्यानंतर १९५७ मध्ये डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक अवघ्या २३६ भिन्न शब्दांत लिहिले गेले. बंधन पाळूनही उत्सुकता टिकविता येते, हे त्या पुस्तकाने दाखविले. मात्र ते बंधन इंग्रजीच्या प्रकृतीस अनुसरून निवडलेले होते. मराठीने आपले बंधन आपल्या प्रकृतीनुसार निवडले पाहिजे.

४. पातळ्या आणि भाषांतर
२००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने अल्प किमतीची सचित्र पुस्तके अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केली आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर ती खुल्या परवान्याने दिली. जेथे ग्रंथालय नाही अशा शाळांसाठी हे कार्य मोलाचे आहे. या पुस्तकांची वाचनपातळीनुसार चार गटांत विभागणी केलेली असते. परंतु भाषांतरित पुस्तकासोबत त्याची पातळी जशीच्या तशी येऊ शकते काय, याचा विचार करावयास हवा. हिंदीतील ‘घर में’ हे दोन आखूड शब्द मराठीत ‘घरात’ असा एक शब्द होतात. ‘पानी में’ याचे ‘पाण्यात’ होते. शब्दसंख्या घटते, शब्दाची लांबी व अक्षरांची गुंतागुंत वाढते. म्हणून हिंदीत वा इंग्रजीत पहिल्या पातळीचे ठरलेले पुस्तक मराठीत त्याच पातळीचे राहीलच असे नाही. एनसीईआरटीची २००८ मधील ‘बरखा’ ही चार स्तरांतील ४० हिंदी पुस्तकांची मालिका नित्याच्या लहानसहान प्रसंगांवर उभी आहे. तिच्यापासून घ्यावयाचे ते प्रसंगनिवडीचे भान. स्तरांचे मोजमाप मराठीत नव्याने करावे लागेल.

५. माधुरी पुरंदरे यांची वाट
मराठीत स्वतंत्रपणे लिहिलेल्या पुस्तकांत ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तके महत्त्वाची ठरतात. लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांची असल्याने चित्राने काय सांगावे आणि शब्दांनी काय, याची वाटणी विचारपूर्वक झालेली दिसते. ‘राधाचं घर’ या शीर्षकातच बोलण्यातील रूप आणि लेखनातील रूप यांमधील अंतर कमी करण्याची भूमिका आहे. येथे जगास शहाणे करण्याचा हेतू नसून घरातील माणसे कशी आहेत, ही मुलास खरोखर जिज्ञासा असलेली बाब कथेचा विषय होते. २०१६ मध्ये पहिल्या ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारासाठी त्यांची झालेली निवड या वाटेचे मोल अधोरेखित करते.

या पुस्तकांतील घर बहुतांशी नागर मध्यमवर्गीय आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. पारनेर तालुक्यातील मुलास ते घर अपरिचित असेल, हे खरे. परंतु अपरिचित असणे हा वाचनातील अडथळा नव्हे. दुसऱ्याचे घर पाहण्यासाठीही मूल वाचते. अडचण तेव्हा निर्माण होते, जेव्हा कोणत्याच पुस्तकात त्याचे स्वतःचे अंगण येत नाही. ‘पाणी’स ‘पानी’ आणि ‘नव्हते’स ‘नव्हतं’ म्हणणाऱ्या मुलास पुस्तक ही इतरांविषयीची वस्तू आहे असे वाटू लागले, तर पहिली पातळी ओलांडूनही ते वाचक होणार नाही. याचे उत्तरदायित्व एका लेखिकेवर टाकता येत नाही. ते एकूण बालसाहित्यव्यवहाराचे आहे.

६. राळेगणसिद्धी : एक कसोटी
या गावावर वाचू लागलेल्या मुलासाठी पुस्तक लिहावयाचे ठरल्यास प्रचलित पद्धतीने काय होईल, याची कल्पना करता येते. पाणी अडविण्याचे महत्त्व, श्रमदानाचा संदेश आणि शेवटी हिरवे शिवार अशी मांडणी होईल. बाहेरगावच्या प्रौढास ही कथा प्रेरक वाटेल. त्या गावातील आजच्या मुलास मात्र तीत नवे काही नाही. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून नाल्यावरचा बांध जागेवर आहे. बांध हा त्याच्या लेखी चमत्कार नसून पायाखालची नेहमीची वाट आहे. ‘पाणी अडवा’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलेले असते की, ते वाचण्याचे कारणच राहत नाही.

त्या मुलास ठाऊक नसलेली गोष्ट वेगळीच आहे : हा बांध एके काळी नव्हता. तेव्हा आजी पाण्याला कुठे जात असे, गुरे काय पीत असत, पाऊस पडून पाणी कुठे जाई, हे प्रश्न त्याच्यासाठी खरोखर खुले आहेत आणि त्यांची उत्तरे पान उलटल्यावरच मिळू शकतात. अशी कथा पंधरा-वीस वाक्यांत लिहिता येईल. परंतु ती लिहिण्यासाठी ‘नव्हता’, ‘पाण्याला’, ‘म्हणाली’, ‘तिच्या’ हे शब्द लागतील. जोडाक्षरबंदी नेमके हेच शब्द नाकारते आणि बोधवाद नेमका हाच न कळलेला भाग गाळून कळलेला तेवढा सांगतो. दोन्ही प्रवृत्ती वरवर भिन्न असल्या तरी त्यांचा परिणाम एकच होतो : मुलासमोर मजकूर येतो, पण त्यातून त्यास कळण्यासारखे काही नसते.

७. निष्कर्ष
१. आरंभीच्या वाचनाच्या कथापुस्तकाचे मूल्यमापन केवळ अक्षरांच्या सुलभतेवर न करता, वाचल्यावाचून न कळणारी बाब त्यात आहे काय, यावर प्रथम करावे.
२. जोडाक्षरांवर सरसकट बंदी मराठीच्या सामान्यरूपाशी विसंगत आहे. ‘त्या’, ‘च्या’, ‘ण्या’ यांसारख्या नित्याच्या जोडाक्षरांना सुरुवातीच्या पुस्तकांत स्थान मिळावे.
३. भाषांतरित पुस्तकांची वाचनपातळी मराठी मजकुराच्या आधारे पुन्हा निश्चित करावी.
४. बोध हा कथेचा आरंभबिंदू नसावा. मुलाच्या परिसरातील न उलगडलेला प्रश्न कथेचा विषय व्हावा आणि पात्रांच्या संवादात तरी परिसराच्या बोलीस वाव असावा.

महाविद्यालयीन वर्गात सलग चार पाने वाचण्यास कंटाळणारा विद्यार्थी कधीकाळी पहिलीच्या वर्गात बसलेला होता. त्याच्या हाती तेव्हा जे आले, त्यात शोधण्यासारखे काही होते किंवा नव्हते, याचा संबंध त्याच्या आजच्या कंटाळ्याशी असू शकतो. म्हणून हा विषय केवळ प्राथमिक शिक्षणाचा न मानता मराठीच्या अध्यापकांनी व समीक्षकांनी त्या सोळा पानी पुस्तकांकडे साहित्य म्हणून पाहणे अगत्याचे आहे.