यात्रा कोण घडवितो?

तीर्थस्थानांविषयीं लिहिणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एकास मूर्तीवांचून कांहीं दिसत नाहीं, तर दुसऱ्यास बाजारावांचून कांहीं दिसत नाहीं. इयान रीडर यांचा 'मेकिंग पिल्ग्रिमेजेस' हा २००५ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ग्रंथाचा विषय जपानांतील शिकोकू बेटाची यात्रा. कोबो दाइशी या नांवानें पूज्य झालेला बौद्ध आचार्य कूकाइ (७७४–८३५) याच बेटावर जन्मला. त्याच्या नांवाशीं निगडित अशा ८८ देवळांची ही प्रदक्षिणा १,१०० किलोमीटरांहून अधिक लांब असून तिला एकच एक असें अंतिम क्षेत्र नाहीं. यात्रेकरूचीं शुभ्र वस्त्रें हें मरणाचें चिन्ह, आणि हातांतील दंड म्हणजे प्रत्यक्ष दाइशी. त्यामुळें एकटा चालणाराहि 'आम्ही दोघे' असेंच मानतो. वाटेवरील गांवकरी त्यास अन्न, फळें, पैसे देतात. या दानास 'सेत्ताइ' म्हणतात, आणि तें दाइशीसच पोंचतें अशी देणाऱ्याची श्रद्धा असते.

एवढा परिचय ऑलिव्हर स्टॅटलर यांच्या १९८३ सालच्या 'जॅपनीज पिल्ग्रिमेज' या रसाळ पुस्तकानेंहि होतो. रीडर यांचा विशेष याच्यापुढें आहे. ते ही वाट स्वतः चालले, आणि बसमधील यात्रेकरूंच्या संगतीनेंहि फिरले. १९५३ सालीं मात्सुयामाच्या इयोतेत्सु कंपनीनें सामुदायिक बसयात्रा सुरू केली. परंतु तेवढ्यावरून यात्रा बाटली असें ते म्हणत नाहींत. तें योग्यच आहे. १६८७ सालीं शिन्नेन या साधूनें यात्रेचें मार्गदर्शक पुस्तक छापलें, तेव्हां त्यानेंहि यात्रेचा प्रसारच केला होता. पायीं चालणारा तेवढा भक्त आणि बसमध्यें बसणारा केवळ प्रवासी, हा भेद सोयीचा असला तरी खरा नाहीं.

तथापि येथें आमचा एक आक्षेप आहे. यात्रा सर्वांनीं मिळून घडविली, हें म्हणणें सोपें. पण सर्वांचा वांटा सारखा नसतो. पूर्वीं या वाटेवर रोगी आणि निराधार माणसें भिक्षा मागत फिरत, आणि कित्येक तेथेंच मरत. तोसाच्या राज्यकर्त्यांनीं यात्रेकरूंवर कडक निर्बंध घातले होते. ज्यास परतावयास घर नाहीं त्याची प्रदक्षिणा आणि सुटी काढून आलेल्याची प्रदक्षिणा यांना एकच नांव देतां येतें, परंतु एकाच तराजूंत घालतां येत नाहीं. ग्रंथकार या अभाग्यांस विसरले नाहींत. त्यांचें वजन मात्र पुरतें लागलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न केवळ ग्रंथापुरता नाहीं. शिकोकूचीं खेडीं ओस पडत आहेत, आणि मागें राहिलेले बहुतेक वृद्ध आहेत. जागतिक वारशाच्या यादींत ही वाट नोंदविली जावी अशी खटपट तेथील चारहि प्रांतांनीं चालविली आहे. नोंद देवळांची होईल, वाटेचीहि होईल. पण दारांत उभें राहून वाटसरूस संत्रें देणारा हातच उरला नाहीं, तर त्या नोंदीनें काय राखिलें? चालणारा परदेशांतूनहि आणतां येतो. देणारा त्या गांवींच असावा लागतो. हा विचार मनांत उभा करण्याचें सामर्थ्य या ग्रंथांत आहे, आणि म्हणूनच तो साक्षेपानें वाचावा अशी आमची शिफारस आहे.