‘फॉर्म’: एका संज्ञेचे तीन अर्थ

मराठी समीक्षेत ‘फॉर्म’साठी रूप, आकार, घाट, रूपबंध, आकृतिबंध असे पर्याय रूढ आहेत; परंतु त्यांच्याआड भिन्न अर्थ नांदतात. सुनीत हा ‘फॉर्म’ आहे असे म्हणताना कृतीपूर्वीच सिद्ध असलेला रचनाप्रकार अभिप्रेत असतो; एखाद्या सुनीताचा ‘फॉर्म’ म्हणजे त्या कृतीतच सिद्ध होणारे घटकांचे परस्परसंबंध. संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांवर आधारलेली मर्ढेकरांची लयमीमांसा या दुसऱ्या अर्थाशी निगडित आहे.

परळी वैजनाथला अध्यापन करताना तिसराच अर्थ आडवा येतो. विद्यार्थ्याच्या परिचयाचा ‘फॉर्म’ भरावयाचा असतो: परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा, पीकविम्याचा. साहजिकच रूप म्हणजे रिकामे रकाने आणि आशय म्हणजे त्यांत भरलेला मजकूर, अशी त्याची धारणा बनते. दोष केवळ त्याचा नाही. आशय आणि अभिव्यक्ती यांवर स्वतंत्र टिपा मागणाऱ्या आपल्या प्रश्नपत्रिका ती दृढ करतात.

‘घाट’ हा शब्द येथे उपकारक वाटतो. मडक्याचा घाट मातीवेगळा काढता येत नाही. मात्र त्याच घाटाचे दुसरे मडके घडविता येते. म्हणजे येथेही पहिले दोन्ही अर्थ एकत्र आहेतच. तेव्हा पर्यायी शब्दाच्या निवडीने प्रश्न सुटत नाही. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे समीक्षकाने प्रथम सांगणे अगत्याचे आहे.